चार बोटांचं अंतर

सोमवार, ४

साहेबांनी आज वही दिली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. म्हणाले, "बाई, यात रोज लिहायचं. सायकलवाल्यांबद्दल मनात काय येतं, सगळं खरं खरं."

मी म्हटलं, "साहेब, मी चौथी शिकलेय. त्यातली तिसरी दोनदा."

"चुका चालतील. खोटं चालणार नाही."

म्हणून येताना कोपऱ्यावरून ही दुसरी वही आणली. साहेबांना पाहिजे ते साहेबांच्या वहीत. खरं इथे.

माझ्या नावावर तिसरी तक्रार आलीय. तीन झाल्या की हातातलं स्टिअरिंग जातं आणि बादली येते. धुलाईला टाकतात, लोकांच्या ओकाऱ्या पुसायला. एकोणीस वर्षं बारा नंबरची बस हाकतेय मी. या डेपोतली पहिली बाई. आधीच्या दोन तक्रारीही सायकलवाल्यांच्याच. एक म्हातारा होता, त्याचा चष्मा फुटला. दुसरा कोण ते आठवत पण नाही. तिसरी ही फडकंवाली. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला फडकं, सकाळी सकाळी पुलाच्या चढावर माझ्या बसपुढे पाय मारत असते.

पंचवीसला सुनावणी. फडकंवालीने साहेबांपुढे येऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं, हीच ती ड्रायव्हर. नाही आली तर कागद रद्द. तोवर माझ्या हाती बस नाही. वर्ग करायचा, वही भरायची, आणि उरलेल्या वेळात हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसून छत्र्यांना चिठ्ठ्या बांधायच्या.

साहेबांच्या वहीत लिहिलं, "मला फार वाईट वाटलं."

काही वाईट वाटलेलं नाही.

मंगळवार, ५

तक्रारीचा कागद घरी आणला. वरचं नाव साहेबांनी शाईने खोडलंय. बाकी बारीक छापलेलं, मला एका ओळीला अर्धा तास लागतो. जेवण झाल्यावर मुलीपुढे टाकला. मुलगी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे. आमच्या सात पिढ्यांत तिच्याएवढं कोणी शिकलं नाही.

"वाच."

"तूच वाच ना आई."

"माझे डोळे दुखतात. वाच म्हटलं ना!"

मग वाचलं, उभ्यानेच. "सकाळी सहा चाळीसला मी पुलाच्या चढावर होते. कडेने चालले होते. बारा नंबरची बस मागून आली. रस्ता मोकळा होता, बाजूने जाता आलं असतं. पण बस माझ्या अंगावर आली आणि चढ संपेपर्यंत मला कठड्याला दाबत नेलं. कठड्याच्या लोखंडाने माझा तळहात फाटला. मी वर बघितलं तर आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला. त्या हसत होत्या. त्यांना शिक्षा व्हावी असं माझं म्हणणं नाही. मला फक्त रोज घरी पोचायचं असतं."

काय वाचते पोरगी! घडाघडा. एका शब्दाला अडली नाही. शेवटी शेवटी तर कागदाकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. शिक्षण म्हणतात ते हे.

मी म्हटलं, "खोटारडी आहे ना एक नंबरची?"

"तू हसत होतीस का?"

"होते. मग? रस्ता काय तिच्या बापाचा आहे?"

"बापाचा नाही," म्हणाली, ताटं उचलली आणि मोरीत गेली. भांडी घासताना स्स स्स करत होती. गेल्या महिन्यात जिन्यावरून पडली, तळहात सोलला, अजून भरत नाही. चालताना लक्ष नसतं. त्या दिवशी मी औषध लावायच्या आधी एक धपाटा ठेवून दिला होता पाठीत. रडली नाही. नुसती बघत राहिली, मठ्ठासारखी.

गुरुवार, ७

वर्ग म्हणजे डेपोमागची टायरची खोली. आम्ही अकरा तक्रारवाले आणि एक मास्तरीण. काडीसारखी बाई, स्वतः सायकलवरून येते, हेल्मेट खोलीतही काढत नाही. आमच्यातला भोपळा म्हणतात तो जाडा ड्रायव्हर म्हणाला, "मास्तरीणबाई, छपराखाली नारळ पडतात का हो?" सगळे खिदळले. ती पण हसली. तोंड वेंगाडून हसणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

फळ्यावर एक बस काढली, एक सायकल काढली. मध्ये लिहिलं, दीड मीटर.

"दीड मीटर म्हणजे केवढं, कोण सांगेल?"

मी म्हटलं, "तुम्हाला आडवं ठेवलं तर जेवढ्या व्हाल तेवढं."

पुन्हा हसू. तिने आपले दोन्ही हात पसरले. म्हणाली, "या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत. एवढी जागा सोडून पुढे जायचं. नसेल जागा, तर मागे थांबायचं."

मागे थांबायचं! बसने, सायकलच्या मागे!

मला गाडी शिकवली त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने एकच गोष्ट शिकवली होती. भिंतीला लावून बस काढायची, मध्ये चार बोटं ठेवायची. रंग गेला की कानाखाली आवाज. सहा महिन्यांत मी चार बोटांवर आले. बाकीचे गडी दोन वर्षं वीतभरावर लोंबकळत होते. आजही माझ्या गाडीच्या अंगाला डोळे आहेत. ती चार बोटं म्हणजे माझी इज्जत, आणि ही पोरटी मला हात पसरून दाखवते.

साहेबांच्या वहीत लिहिलं, "दीड मीटर शिकले. पटलं."

सोमवार, ११

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याशी भांडण. जिन्याखाली त्याचं काहीबाही ताडपत्रीने झाकलेलं असतं, तिथे रोज काळ्या तेलाचे ठिपके पडलेले असतात, माझी चप्पल घसरली. सरळ त्याच्या दारात जाऊन म्हटलं, "मशीनला तेल पाजता की जिन्याला?"

"ताई, ते तेल माझ्या मशीनचं नाही. तुमच्या मुलीला विचारा."

"माझी मुलगी काय तेल गाळते?"

"तसं नाही ताई. ती तिथे जे ठेवते ना..."

मी म्हटलं, तोंड सांभाळा, जाणत्या पोरीवर काहीतरी घालू नका. त्याने खोकत खोकत दार लावून घेतलं. भित्रा मेला.

मंगळवार, १२

आता मात्र डोक्यात किडा वळवळतोय. मुलीच्या विजारीच्या उजव्या पायाला, घोट्यापाशी काळं वंगण लागलेलं. धुताना दिसलं. खिशात जाड रबर सापडलं, केसांचं नव्हे. सकाळी माझी बस दवाखान्यापुढूनच जाते, घरच्यांना फुकट, तरी ही कधी चढत नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "तू लोकांना शिव्या देतेस ते मला ऐकवत नाही. मी पायी जाते." पायी जाणाऱ्याच्या घोट्याला वंगण?

गॅरेजवाला असणार कोणी. त्याच्याकडे जाऊन बसत असेल. बाप तसलाच होता, गोड बोलून गळ्यात पडला आणि पोरगी तीन वर्षांची असताना दुसरीकडे नांदायला गेला.

आणखी एक. माझ्या हातची बस गेल्यापासून ही गाणं म्हणते. सकाळी तयार होताना गुणगुण, आल्यावर गुणगुण. आईची नोकरी जायची वेळ आलीय आणि हिला कंठ फुटलाय.

गुरुवार, १४

आज माकडं केली आमची.

डेपोच्या भिंतीलगत सहा सायकली स्टँडवर उभ्या केल्या. आम्हाला वर बसवलं. हँडल धरायचं, पुढे बघायचं, मागे वळायचं नाही. मागून बस येणार आणि जवळून जाणार. मास्तरीण म्हणाली, "मी काही बोलणार नाही आज. बसच बोलेल." बस भोपळ्याने घेतली.

मी पहिली होते. भिंत या बाजूला, त्या बाजूला काही नाही. आवाज आधी पायांत आला, मग पोटात. मग वारा. वाऱ्याने मला ढकललं नाही, ओढलं. बसकडे ओढलं. हे कोणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांपुढून नुसता पत्रा, पत्रा, पत्रा, संपतच नाही. चाक माझ्या डोक्याएवढ्या उंचीचं. भोपळ्याने मला बघून मुद्दाम चार बोटांवर घेतली असणार, हसत होता हलकट. मी आरशात बघितलं त्याला.

बस गेली तरी हँडलवरची माझी बोटं सुटेनात. मास्तरणीने एक एक करून सोडवली. लुगड्याचं जे झालं ते इथेही लिहीत नाही. म्हणाली, "बाई, तुमची सायकल तर स्टँडवर होती. चढावर, चालत्या सायकलवर काय होत असेल?"

मी म्हटलं, "पाणी द्या आधी."

घरी येऊन दोन तास पडून होते. मग डोकं चालायला लागलं. एकोणीस वर्षं वाटायचं, सायकलवाल्यांना हॉर्नने फरक पडत नाही, शिवीने पडत नाही. उगाच घसा फोडला. हॉर्न लागतच नाही. नुसतं जवळून जायचं. काम होतं.

एवढ्यासाठी तरी वर्ग बरा.

साहेबांच्या वहीत पान भरून लिहिलं. रडले असंही लिहिलं.

सोमवार, १८

जेवताना मुलगी म्हणाली, "आई, वर्गात काय काय शिकवतात?"

कधी नव्हे ते विचारलं. मी सांगितलं, दीड मीटर.

"केवढं असतं दीड मीटर?"

"हात पसरायचे दोन्ही."

"एकीने पसरायचे? का दोघींनी एक एक?"

काय येडा प्रश्न. पण उठली, भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि हात बाजूला लांब केला. "तू तिथे उभी राहा. तू बस. तुझा हात काढ." मी पण खुळ्यासारखी उठले. तिचा एक हात, माझा एक हात. मधल्या बोटाला मधलं बोट लागलं.

"एवढं?"

"एवढंच."

बराच वेळ तशीच उभी होती, बोट काढेना. तिचा तळहात आता भरत आलाय. मी म्हटलं, "झालं का? भाजी गार होतेय." तेव्हा हात खाली घेतला. म्हणाली, "एवढं काही जास्त नाही गं."

"तू चालवून बघ बस म्हणजे कळेल."

गुरुवार, २१

चार दिवसांवर आली सुनावणी. झोप लागत नाही, मग मुलीवर ओरडते. आज ती म्हणाली, "धुलाईत गेलीस तर काय होईल? पगार तोच आहे ना?"

तेव्हा माझा बांध फुटला. म्हटलं, तुझा बाप गेला तेव्हा माहेरी गेले, वहिनी म्हणाली सरका. भावाच्या घरात चुलीपाशी सरका, मोरीपाशी सरका, अंथरूण घालायचं सरका. तुला कडेवर घेऊन मी सगळ्यांसाठी सरकत होते. स्टिअरिंगवर बसले त्या दिवसापासून मला कोणी सरक म्हटलं नाही. मी येते आणि बाकीचे सरकतात. ते गेलं तर मी कशाला जगू?

एका दमात बोलले. इतकं तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिचं तोंड पांढरं पडलं.

"ती बाई सुनावणीला आलीच नाही तर?"

"तर कागद रद्द. पण येईल की. असल्या बायका मजा बघायला येतातच."

"आणि नंतर... तू दीड मीटर सोडशील?"

"सोडेन, सोडेन. तू झोप आता."



सोमवार, २५

नाही आली!

साडेदहाची वेळ. साहेब, मास्तरीण, मी. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. साहेबांनी घड्याळ बघितलं, कागदावर आडवी रेघ ओढली. फाटली भवानीची. समोर यायला छाती लागते, छापून पाठवायला काय!

वर साहेबांनी माझी वही सगळ्या ड्रायव्हरांपुढे वाचून दाखवली. "याला म्हणतात बदल," म्हणाले. भोपळा तोंडात बोट घालून हसू दाबत होता. मास्तरणीने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुमची बोटं मी सोडवली होती. ती विसरू नका." मी म्हटलं, कशी विसरेन.

बाहेर आले तर माझा कंडक्टर, दमेकरी, म्हणाला, "बाई, तुमची मुलगी आली होती. समोरच्या फुटपाथवर उभी होती तासभर. हाक मारली तर गेली निघून."

बघा. बोलत नाही, पण आईची काळजी आहे पोरीला. कामावर रजा टाकून आली आणि आत यायचा धीर झाला नाही. घरी आल्यावर काही विचारलं नाही मी, बोलून दाखवायची आम्हाला सवय नाही. फक्त म्हटलं, "ती बाई आली नाही. सुटले." तर पोरगी हसली. म्हणाली, "बरं झालं आई."

उद्यापासून बस. माझी जुनी गाडी मात्र मोडीत काढली तीन आठवड्यांत. नवी दिलीय. बरी आहे, आरसे तेवढे सशाच्या कानांसारखे बाहेर आलेत.

मंगळवार, २६

संध्याकाळचे सहा. लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

सकाळी साहेबांचा माणूस बसमध्ये बसला होता, मी सुधारले का बघायला. पुलाच्या चढावर बरोबर फडकंवाली. माझी सटकली, पण मान हलू दिली नाही. पूर्ण दीड मीटर सोडला, काय सुरेख सोडला! साहेबांच्या माणसाने कागदावर खूण केली. आरशात बघते तर फडकंवाली मला हात हलवत होती. लहान पोरं जातायेता बसला हात करतात तसा. मला डिवचते! सुनावणीला शेपूट घालते आणि रस्त्यावर हात हलवते.

दिवसभर तो हात डोक्यात राहिला.

दुपारची परतीची फेरी, दोन दहा. साहेबांचा माणूस केव्हाच उतरला होता. पुलावर पुन्हा तीच, आता घरच्या बाजूला तोंड करून. मी हॉर्न दिला नाही. तिने बसचा आवाज ओळखला असणार. जरासं वळून बघितलं. फडक्यावर नुसते डोळे, हसरे. आणि हात बाजूला लांब केला. सरळ, पाचही बोटं ताणून. बसने किती लांबून जायचं ते ही मला दाखवणार, भर रस्त्यात.

मी चार बोटांवर घेतली. पत्रा तिच्या बोटांपासून नेमका चार बोटांवर होता, कोणी पट्टी लावून मोजावं. आरशाचं ध्यानात राहिलं नाही. जुन्या गाडीचा आरसा अंगाबरोबर होता, हा चांगला वीतभर बाहेर. ठक्क झालं. मग मागच्या चाकापाशी आणखी काहीतरी.

मागच्या सीटवरच्या बायका ओरडल्या. बायकांना ओरडायला काय लागतं. दमेकरी म्हणाला, "बाई, काहीतरी लागलं."

"कठडा लागला."

"बाई, कठड्याला कपडे नसतात." त्याने घंटी ओढली, थांबायची. मी थांबले नाही. आधीच चार मिनिटं उशीर होता, आणि पहिल्याच दिवशी उशीर म्हणजे पुन्हा साहेबांपुढे. डेपोत आल्यावर आरसा पुसून घेतला. नवी गाडी आहे, डाग नको. दमेकरी साहेबांच्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. मी वाट बघितली नाही, घरी आले.

साहेबांच्या वहीतली शेवटची नोंद राहिली होती. लिहिलं, "आज सकाळी पूर्ण दीड मीटर सोडला." हे खरंच आहे. त्या वहीतलं पहिलं खरं.

मुलगी अडीचला येते. आज तिच्या आवडीचं केलं होतं, सगळं गार झालं. तीन वाजले, चार वाजले, पाच. त्या गॅरेजवाल्याकडे असणार. आज आल्यावर सोडत नाही तिला. फोन लावला तर भलताच कोणी पुरुष उचलून "आपण कोण?" म्हणाला. मी ठेवून दिला. म्हणजे माझा संशय खरा.

चप्पल घालून खाली बघून आले. जिन्याखाली ताडपत्री सपाट पडलीय, आज तेलाचा नवा ठिपका नाही.

जिन्यात पावलं वाजतायत. शिंप्याचा खोकला ओळखते मी. बरोबर आणखी दोघं तरी आहेत, बूट जड वाजतायत. माणसं जमवून आणली मेल्याने, त्या तेलाच्या भांडणासाठी. दार वाजवतोय. "ताई, दार उघडा. ताई, बसून घ्या आधी, पण दार उघडा." आवाज केवढा नरम काढलाय!

नाही उघडत. पोरगी येऊ दे. ती शिकलेली आहे, तीच बोलेल त्यांच्याशी.